शुक्रवार

कुतैसीच्या पाणीपुरवठा कचेरीत
खिडकी क्रमांक चारमागे
मी एकोणीस वर्षं बसते आहे.
लोक मीटरचे आकडे सांगतात, मी लिहून घेते.
कुणी आकडा चोरतं, कुणी रडतं,
एक म्हातारा दर महिन्याला तोच आकडा सांगतो
आणि वर म्हणतो, पाणी पितंय कोण, एतेरीबाई,
आमच्या घरी वाइन आहे.

सहाला खिडकी बंद.
साडेसातला काचबंद सज्जात
दुसरी एतेरी खुर्ची ओढते.

भट्टी केवढी? एक पाव मावेल, बस्स.
दातांच्या कारागिराकडून जुनी घेतली,
तो तिच्यात कवळ्यांचे दात भाजायचा.
पहिले सहा महिने वाटायचं,
दार उघडलं की आतून कुणीतरी हसेल.

चांदीची तार, केसाहून जराशी जाड,
चिमट्याने वाकवायची, उभी करायची.
मग काचेची पूड, खलात कुटलेली, सात पाण्यांनी धुतलेली,
पिसाच्या टोकाने कप्प्या-कप्प्यात भरायची.
दीड मिनिट भट्टीत. बाहेर.
पूड वितळून बसते, मधोमध खळगा पडतो.
पुन्हा भर. पुन्हा भट्टी. पुन्हा खळगा.
चौथ्या-पाचव्या खेपेला निळा कुठे तारेच्या काठाला लागतो.

पहिल्या वर्षी विकले तीन नग.
दोन लमाराने घेतले, खिडकी क्रमांक पाच,
तेही हप्त्याने, आणि शेवटचा हप्ता अजून यायचा आहे.
तिसरा घेणारी बाई परत आली.
मागची पिन निसटली होती.
मी पिन बसवून दिली
आणि रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही,
लाजेने.

वहीत डावीकडे वीज, चांदी, काच.
उजवीकडे कोरा कागद.
दुसऱ्या वर्षी उजवीकडे थोडी शाई.
तिसऱ्या वर्षी दोन्ही बाजू एका उंचीच्या.
नवरा म्हणाला, म्हणजे फुकट राबलीस.
मी म्हटलं, नाही, फुकट शिकले.

मग तिबिलिसीहून एक दुकानदार आला,
गळ्यात रेशमी रुमाल,
माझे नग बोटांनी उलटेपालटे करत:
ईस्टरपर्यंत तीनशे डाळिंबं द्या. लाल.
प्रवाशांना डाळिंबच लागतं.
आणि नोकरी सोडा, बाई,
धंदा असा एका पायावर होत नसतो.

त्या रात्री मी आकडे मांडले, ते मला येतंच.
तीनशे डाळिंबं, एकेकाला अकरा खेपा,
तीन हजार तीनशे वेळा दार उघडायचं
आणि दर वेळी आत काय आहे ते आधीच ठाऊक.
सकाळी कळवलं: बारा देते. डाळिंबं नव्हेत.
उत्तर आलं नाही.
खरं सांगू? वर्षभर वाट पाहिली.
पण पगाराच्या दिवशी देवळात जाऊन
खिडकी क्रमांक चारच्या नावाने एक मेणबत्ती लावली.
तिने मला नाही म्हणायची ऐपत दिली.

मी करते ते दुसरंच.
गोल ब्रोच, मीटरच्या तबकडीएवढे,
आत बारीक आकडे, एक लाल काटा.
लोक विचारतात, हे कुठलं प्राचीन चिन्ह?
मी म्हणते, प्राचीनच. थकबाकी.

आठव्या वर्षी उजवी बाजू
डावीपेक्षा इतकी उंच झाली
की मधल्या जागेत एक दिवस मावेल.
मी अर्ज केला: शुक्रवार नको.
शुक्रवारचा पगारही नको.
गुरामसाहेबांनी चष्मा काढला.
आजारी आहेस?
नाही.
मग?
मी कोटावरचा ब्रोच पुढे केला.
त्यांनी सवयीने आधी आकडा वाचला,
मग सही केली.

पहिला शुक्रवार.
आठ वर्षांत कमावलेला, रोख.
भट्टी पेटवलीच नाही.
दहापर्यंत झोपले,
मग चहा घेऊन सज्जात बसले.
खाली रिओनी चालली होती, कुणी न मोजलेली.
समोरच्या इमारतीत कुणाचा तरी नळ
उघडाच राहिला होता.
मी वाहू दिला.