फीत

नॉर्थ डकोटात, जिथे रस्ता वळायचं विसरून गेलाय,
तिथे आमची शाळा.
नववी ते बारावी मिळून एकेचाळीस डोकी
आणि एक बोकड, त्याचं नाव हजेरीपटावर नाही.
मी बस चालवतो, दुपारी बॉयलर बघतो.
इथे ज्याला त्याला दोन कामं,
टॉलेफ्सन बाईंना पाच:
शेतीचा वर्ग, वेल्डिंगची शेड, काचघरातली टोमॅटोची रोपं,
मुलींचा व्हॉलीबॉल,
आणि ज्याला घरी उठवायला कोणी नाही
त्याला सकाळी सहाला फोन.

ऑक्टोबरात मातीची स्पर्धा असते.
हो, मातीची. मलाही पहिल्या वर्षी हसू आलं होतं.
कुणाच्या तरी बिटाच्या रानात
यंत्राने पुरुषभर खोल खड्डा खणून ठेवतात,
पोरं शिडीने आत उतरतात
आणि आत कुणी कुणाशी बोलायचं नाही.
मी वर उभा, थर्मासमधली कॉफी घेऊन,
चार पोरांची फक्त टाळकी बघत.

वेंडेल टेप लावून थर मोजतो.
ब्रीटा रंगांच्या वहीवर ढेकूळ धरून बघते,
पडद्याचं कापड निवडावं तशी, मान तिरकी करून.
धाकटा ओस्मुंड तांबूस ठिपके शोधतो;
ठिपका म्हणजे इथे पाणी तुंबायचं.
तुंबायचंच. हा सगळा मुलूख
कधीकाळी सरोवराचा तळ होता.

येसेनिया तळहातावर थुंकते
(पाण्याची बाटली खिशात असते, तरी),
माती मळते,
आणि अंगठ्याने पुढे रेटत राहते.
बोटावरून फीत बाहेर पडते,
लांब,
अजून लांब,
स्वतःच्या वजनाने वाकते, तुटत नाही.
फीत जेवढी लांब तेवढी चिकण जास्त, बाई सांगतात.
तिची आई टेक्सासहून दर उन्हाळ्यात बिटं खुरपायला यायची,
एका वर्षी परत गेलीच नाही.

येसेनियाने लिहिलं: चिकणमाती.
भिंतीवर लागलेल्या उत्तरात होतं: चिकण पोयटा.
तेवढ्यात आम्ही चौथे.
फिती तिघांनाच: निळी, लाल, पांढरी.
परीक्षक भला माणूस, बूट फार स्वच्छ होते त्याचे,
म्हणाला, उत्तर लागलं की लागलं.

बाई भांडल्या नाहीत.
जॅकेट काढून माझ्या हातात दिलं
आणि रिकाम्या खड्ड्यात एकट्या उतरल्या.
बराच वेळ वर आल्या नाहीत.
शेजारच्या शाळेच्या बसा निघून गेल्या,
वाऱ्याने नावांचा तक्ता पाडला.
वर आल्या तेव्हा अंगठ्याच्या नखापर्यंत काळ्या,
येसेनियाला एवढंच म्हणाल्या,
"माझी पण तेवढीच लांब आली."

परतताना बर्गर खाल्ले.
वेंडेल काचेला गाल लावून झोपला.
ओस्मुंडने न विचारता ब्रीटाचे बटाटे संपवले.
येसेनिया पुढे आली, तिने कागदी रुमालातून
ती फीत काढली
आणि माझ्या स्पीडोमीटरच्या वर ठेवली.
म्हटलं, वाळली की तुटेल गं.
म्हणाली, "मग हळू चालवा."

मार्चमध्ये सभा आहे:
शाळा अडतीस मैलांवरच्या शाळेत विलीन करायची की नाही.
बाईंच्या कॅलेंडरवर त्याच चौकोनात
सभेच्या खाली लिहिलंय: बोकडाची लस.

फीत अजून आहे. राखी पडलीय,
मधे केसाएवढी एक चीर.
रेल्वेच्या रुळांपाशी बस थांबवायची,
दार उघडून कान द्यायचा,
हा नियमच आहे.
रूळ ओलांडायचे कसे, ते नियमात नाही.
मी पहिल्या गिअरमध्ये घेतो,
आधी पुढची चाकं, मग मागची,
आणि आरशात बघतो तर मागे
सगळी पोरं गप्प झालेली असतात.