रकाना सातवा

म्हसरूळपासून मखमलाबादपर्यंत
माझ्या वाट्याची साडेचार हजार माणसं.
प्रश्न छापील: गेल्या वर्षभरात
घरात कुणाला मेंदूत रक्तस्राव?
असं विचारलं की बाया म्हणतात, नाही बाई.
मग मी विचारते, कुणी अचानक कोसळलं का?
मग दार पूर्ण उघडतं.

निवृत्ती पिंगळे, बागेत घड बुडवत होते औषधात,
"डोकं फुटतंय" म्हणाले
आणि मग्गा नीट खाली ठेवला.
हमीदा मणियार, नवरीचा हात हातात,
तीन बांगड्या भरायच्या बाकी.
रंगनाथ तिदमे, अंबडला रात्रपाळी.
जीभ जड झाली, तर सोबत्यांना वाटलं घेतलीय.
त्यांनी त्याला पोत्यांवर निजवलं,
अंगावर स्वतःचं जर्किन घातलं.
पहाटे पाळी सुटली.

अशी अकरा. त्यातली चार आहेत.
ऑफिसात साहेब म्हणतात, दर लाखामागे काढा.
मला लाख माणसं डोळ्यापुढे येत नाहीत,
अकरा येतात, चपलांसकट.

वाचलेल्या चौघांत सारखं काय, ते शोधलं.
देव वेगवेगळे. पुण्याचं म्हणाल तर
चौघांतला एक सावकारी करतो.
एकाच्या शेजाऱ्याकडे गाडी होती
आणि शेजारी जागा होता.
एकाची रिक्षा द्वारकेला अडकली नाही.
एकाने बीपीची गोळी सोडली नव्हती,
बायकोने चहाच्या डब्यावर ठेवलेली असायची म्हणून.
रंगनाथच्या घरी पट्टी भरलेलीच सापडली,
"बरं वाटत होतं ना," त्याची आई म्हणाली.

चौथ्या सुगंधाबाई धात्रक.
सगळे शब्द गेले, एक राहिला: सोमवार.
पाणी हवं, सोमवार.
नातू पडला, सोमवार! सोमवार!
रकाना सातवा: तीस दिवसांनी जिवंत? हो / नाही.
मी "हो"वर गोल केला.
पेन थोडा वेळ तिथेच राहिलं.

निघताना डाव्या हाताने पदर धरला माझा,
म्हणाल्या, सोमवार.
त्या दिवशी गुरुवार होता.

सोमवारी गेले. फॉर्ममध्ये दुसरी भेट नाही,
तरी गेले. सून म्हणाली,
अहो ताई, त्या सगळ्यांनाच तसं म्हणतात.
सुगंधाबाई हसल्या,
जेवढा चेहरा हसू शकतो तेवढ्याने.
मग सुनेने चहा टाकला
आणि मी पिशवीतून यंत्र काढलं,
वर्षभर दुसऱ्यांच्या दंडाला बांधलेला पट्टा
पहिल्यांदा माझ्या दंडाला बांधला.