गोल कोपरे

दांडिया बाजारातल्या केमिस्टनं रोल पुढे केला:
"पाणी नहि जाय, बेन. तरवावाळा पण आ ज लई जाय."
पोहणारे! आमच्या न्हाणीघरात दोन बादल्या,
एक स्टूल, आणि माई.

दुखण्यावरचा पॅच तिच्या उजव्या खांद्यामागे,
काडेपेटीहून लहान. तीन दिवस टिकायला हवा,
दुसऱ्याच दिवशी घामानं कड सुटते.
मी टेपचा तुकडा चौकोनी कापला.

"असा नाही," माई म्हणाली, पाठमोरीच,
कात्रीच्या आवाजावरून.
चाळीस वर्षं रावपुऱ्यात ब्लाउज शिवलेत तिनं.
"कोपरा ठेवलास की तिथूनच उसवणार. गोल घे.
ताणू नकोस, कातड्याला चुणी पडते.
आणि बोटभर माया सोड चारी बाजूंनी."

सोडली.
वर बॉलपेननं लिहिलं: मंगळ, सकाळ.

कढत पाणी चालत नाही, औषध भसकन उतरतं अंगात.
कोमट तांब्या ओतला की ती कुरकुरते,
"हे काय, निवलेल्या चहासारखं."
पाणी टेपवरून घरंगळतं
आणि मोरीकडे जातं.

शुक्रवारी खोबरेल लावून सोडवते, हळूहळू.
खाली फिकट चौकोन, कडेला काळपट डिंक.
तिचं बोट मागे वळून चाचपतं.
"शिलाई बरी होती.
आता डावा खांदा घे."