हेअरकट

सकाळी सहाच्या बातम्यांत रेडिओवरची बाई म्हणाली,
धनको देश अखेर हेअरकट घ्यायला राजी झालेत.
मी खुर्ची झटकली, कात्रीला तेल घातलं.
लुसाकात, कामवाला बाजाराच्या मागच्या गल्लीत
वीस वर्षं मी हेच करतोय,
माझ्या खुर्चीत अजून एकही देश बसलेला नाही.

अर्थखात्यातले सिशेकानू साहेब एक शुक्रवार सोडून येतात.
त्यांना विचारलं.
म्हणाले, शंभरातले तीस सोडून द्यायचे, त्याला हेअरकट म्हणतात.
केस कोणाचे?
त्यांचे.
मग साहेब, टक्कल आपल्याला कसं पडलं?
ते आरशात बघून हसले, थोडंसंच.
मानेवर वस्तरा असला की माणूस बेतानंच हसतो.
तीन वर्षं झाली, हा म्हणतो आधी त्यानं सोडावं,
तो म्हणतो आधी यानं,
आणि तोवर आपली बिनपाण्यानं चाललेली असते
हे काही ते बोलले नाहीत.
मी साबणाचा फेस वाढवला.
तेवढं पाणी माझ्याकडे असतं.

पातं गेल्या वर्षी चार क्वाचांना होतं, आता सात.
पातं तेच, दाढ्या त्याच.
माझं मशीन चीनमधून आलेलं.
बिघडलं तेव्हा एकदा उघडलं होतं:
आत तांब्याची तार,
गुंडाळून गुंडाळून अंगठ्याएवढी झालेली.
माझा थोरला भाऊ चिंगोलाच्या खाणीत तांबं काढतो.
ते किलोवर जातं आणि नगावर परत येतं.
मी तार हुंगून पाहिली.
घरचा वास नव्हता.

परवा दुपारी रस्त्याच्या कामावरचा इंजिनिअर लुआन आला.
डावी बाजू झाली आणि वीज गेली,
आता रात्रीपर्यंत नाही.
अर्धं डोकं बारीक, अर्धं रान,
असा घेणेकऱ्यांचा माणूस खुर्चीत
आणि माझ्या हातात मेलेलं मशीन.
कात्री होती, पण उजेड दारापर्यंतच येत होता.
मग खुर्ची आम्ही दोघांनी उचलून गल्लीत आणली.
लोखंडी आहे, जड.
त्यानं पुढून धरली, मी मागून,
टोमॅटोवाली बाना म्पुंडू हसून हसून पाटीवर वाकली.

कापता कापता तो बोलायला लागला.
त्याचे वडील कापडगिरणीत होते, शानतुंगकडे.
निवृत्तीचे पैसे बँकेत,
बँकेचे पैसे म्हणे आमच्या रस्त्यात.
दर रविवारी फोनवर विचारतात,
ती माणसं देतील ना रे?
मी कात्री थांबवली नाही. तू काय सांगतोस?
सांगतो, रस्ता चांगला झालाय.
खरंच चांगला झालाय.
बसचं भाडं तेवढं वाढलंय त्याच्यावरून जायचं.

पैसे द्यायला त्यानं पाकीट उघडलं,
आत युआनची एकच लाल नोट.
सुट्टे कुठून आणू?
आणि भाव तरी कुठला धरू, सकाळचा एक, दुपारचा एक.
मी उधारीची वही काढली,
शाळामास्तर, मेकॅनिक, चर्चचा ढोलवाला,
त्यांच्या खाली लिहिलं: लुआन, चाळीस.
त्यानं वाकून पाहिलं, स्वतःच्या नावातलं एक अक्षर सुधारलं,
आणि अगदी गंभीरपणे विचारलं, व्याज?
म्हटलं, केस वाढतीलच की.

मंगळवारी येतो म्हणाला होता.
मंगळवार गेला, पुढचाही गेला,
रस्ता आता कापिरीच्या बाजूला सरकलाय.
मी वाट बघतो असं नाही.
दुकान बंद करताना फक्त वही उघडतो,
चाळीस क्वाचांत किती पाती येतात ते मोजतो.
त्या दिवशी पाच येत होती, वर चहापुरते उरतही होते.
आज पातं साडेआठ.
पाचाला अडीच क्वाचा कमी पडतात,
आणि हे अडीच कोणाच्या नावावर लिहायचे
असा रकाना माझ्या वहीत नाही.