रुमालाखाली

रात्री अडीचला जीभ टाळूला चिकटते
पाकिटावर तिकीट चिकटावं तशी.
उशाशी बाटली. तिच्यामागं आणखी एक,
पहिली संपलीच तर म्हणून.
घोट घेतो. घोट खाली उतरत नाही,
आधी वाट विचारतो.
तोंडाला पाणी सुटणे, वाक्यात उपयोग करा:
शाळेत दोन मार्क मिळाले होते.
आता तो वाक्प्रचार माझ्यापुरता रद्द.

पस्तीस वेळा लाईट घेतली. फाल्गुनात संपली.
डॉक्टर म्हणाले, आता हळूहळू.
मी पाटीवर लिहून विचारलं, हळूहळू म्हणजे काय भाव?
ते हसले. भाव काही फोडला नाही.

गुलटेकडीला एकतीस वर्षं मी बोली पुकारली,
कांदा, बटाटा, लसूण.
हमाल म्हणायचे, अण्णा गाळ्यावर उभे राहिले
की स्वारगेटच्या पुलावर ऐकू येतं.
परवा फोनवर लेक म्हणाली, आई, बाबांना दे ना.
आणि मी केव्हाचा बोलत होतो.

चहा म्हणजे गरम पत्रा. जिलबी म्हणजे ओला कापूस.
अकराव्या महिन्यात पहिली चव परत आली, ती कारल्याची.
कडू! कडू लागतंय! मी ताटावर रडायला लागलो.
हौसाला वाटलं भाजी बिघडली,
ती ताट उचलायला लागली,
मी दोन्ही हातांनी धरून ठेवलं.

सकाळी हनुवटीखाली सूज असते, मऊ, थुलथुलीत.
हौसा तळवा फिरवते, गळ्यावरून खाली काखेकडे,
दवाखान्यातल्या पोरीनं शिकवलं तसा:
जोर नाही लावायचा, मांजराला कुरवाळतो तेवढंच.
मग जबडा. दातांमध्ये आइस्क्रीमच्या काड्या.
नऊवर सुरुवात केली होती, काल चौदा बसल्या.
पंधरावी सरकवली आणि कानात ठणका.
झालं.
मग दिवसभर मी त्या एका कानात राहतो.
जबड्याचा आहे, की तो परत आलाय?
तो म्हणजे कोण, हे घरात कुणी विचारत नाही.

डाव्या गालावर दाढी उगवत नाही.
बिबवेवाडीचा न्हावी म्हणाला, काका, अर्धेच द्या.
पुरते दिले. गालाचा तोटा त्यानं का सोसावा?
भेटायला येणारे विचारतात, तंबाखू?
मान हलवतो, नाही. त्यांचा चेहरा पडतो.
कारण सापडलं असतं
तर बिचारे निर्धास्त घरी गेले असते.

लाईट घेताना चेहऱ्यावर आवळायचे तो जाळीचा मुखवटा
आम्ही घरी आणला. भंगारवाल्यानं उलटासुलटा करून पाहिला,
हे प्लॅस्टिक चालत नाही म्हणाला.
आता माळ्यावर आहे, पातेल्यांच्या मागं,
माझंच नाक घेऊन.

चुलत्यांनी मला लहानपणी रुमालाखालचा सौदा शिकवला होता.
वर दोघं हवापाण्याचं बोलायचे,
खाली बोटं बोटांना भाव सांगायची,
शेजारच्याला पत्ता नाही.
पुढं ते बंद झालं, उघडी बोली आली,
तेव्हा कुठं माझ्या गळ्याला किंमत आली.

आता रात्री चादरीखाली हौसाचा हात धरतो.
एक बोट दाबलं, पाणी.
दोन, मान आखडलीय, उशी सरकव.
अख्खा पंजा धरला की काय,
ते आम्ही ठरवलेलं नाही, पण तिला कळतं.

बुधवारी स्कॅन आहे.
आज मी पंजा धरला. पाचही बोटं.
ती झोपेतच होती, किंवा नव्हती.
अंधारात तिनं माझी करंगळी हळूच मिटवली.
चार.
मी पुन्हा पाच केली.
तिनं पुन्हा मिटवली.
आयुष्यभर भाजीवाल्याशी अशीच अडून बसते ही.

सौदा अजून ठरलेला नाही.
पहिली बाटली संपली,
दुसरीचं झाकण उघडतोय.