पंच क्रमांक दोन

पानटपरीवरून मला उचललं, आरोपी म्हणून नव्हे.
"दहा मिनिटांचं काम आहे, सही येते ना?"
साडेतीन वर्षं झाली त्या दहा मिनिटांना.

साखर पेठेत, सुताच्या गोदामामागच्या बोळात,
पत्र्याखालून श्रीहरीनंच काढून दिला टॉवेल.
फौजदारांनी तो उलगडला.
आत गावठी कट्टा,
मुठीला सायकलची ट्यूब गुंडाळलेली,
घोड्याजवळ गंज.
"लिहा, एक लोखंडी अग्निशस्त्र."
लाख वितळली, सील बसलं.
मी सही केली. तेलुगूत करतो, तशीच.

कोर्टात आधी मुनीम उभे राहिले,
शिवलिंगप्पा हत्तुरे, वय एकसष्ट.
आरोपीला ओळखता?
ते बराच वेळ बघत राहिले.
"चेहरा नाही बघितला ओ साहेब. भोक बघितलं.
एवढंसं. करंगळी जाईल एवढं.
पिशवी कधी सोडली ते हातालाच ठाऊक."

ओळख कच्ची पडली
आणि सगळा भार पंचनाम्यावर आला.
म्हणजे माझ्यावर.

वकीलबाई म्हणाल्या, आत गोळी नव्हती,
बार उडाला नाही, कुणाला ओरखडासुद्धा नाही.
जजसाहेबांनी चष्मा काढून पुसला.
"समोरच्याला नळीत डोकावून मोजता येत नाही, मॅडम."
शिवाय अहवाल होताच: हत्यार चालू स्थितीत.

मला विचारलं ते एवढंच:
हीच वस्तू का? हीच.
सही तुमची का? माझी.
आरोपीला आधीपासून ओळखत होता?

टॉवेलबद्दल कुणी काही विचारलं नाही.
विचारलं असतं तर काठाजवळचा सुटलेला धागा
बोटानं दाखवला असता.
सात नंबरचा माग. तो दोष त्याच मागाचा.
त्या दिवाळीला बोनसच्या जागी
मालकांनी सेकंडचा माल वाटला, माणशी दोन नग.
त्या मागावर कांड्या भरायला
श्रीहरी म्याकल होता, सतरा वर्षांचा,
डब्यातली शेंगाचटणी माझ्या भाकरीवर वाढणारा.

"नाही," मी म्हणालो. शपथेवर.
पंखा गरगरत होता, बाहेर बेचाळीस डिग्री,
त्यानं माझ्याकडे बघितलं
आणि मान खाली घातली.
जणू खोटं त्यानंच सांगितलं होतं.

दरोड्याच्या नव्हे, जबरी चोरीच्या कलमाखाली,
पण हत्यार दाखवलं म्हणून सात वर्षं.
सातच्या खाली यायची कोर्टालाही मुभा नाही, म्हणे.
हत्यार कायद्याची तीन वेगळी.
दोन्ही शिक्षा एकत्र भोगायच्या.
हे ऐकून त्याच्या आईनं शेजारणीला विचारलं,
"एकत्र म्हणजे दहा की सात?"
शेजारणीला माहीत नव्हतं.
मला माहीत होतं. मी जिना उतरलो.

निकालाच्या शेवटच्या पानावर मुद्देमाल:
कट्टा सरकारजमा.
रोकड फिर्यादीला परत.
टॉवेल निरुपयोगी,
अपिलाची मुदत संपल्यावर नष्ट करावा.

माझ्या वाट्याचे दोन घरी आहेत.
एकानं गाडी पुसतो.
दुसरा अजून घडीतच आहे.