हात हलला की पाऊल

बिराजदार मॅडमनी साखरेच्या गोळ्यांखाली
बारीक अक्षरात लिहिलं: रोज आठ हजार पावलं.
मोजायची कुणी?
त्या म्हणाल्या, घड्याळ घ्या, तेच मोजतं.

म्हणून सुट्टीच्या दिवशी स्रवंतीला घेऊन नवी पेठेत.
काचेखाली पंधरा-वीस पट्टे
मनगटं हरवल्यासारखे पडलेले.
पोरगा म्हणाला, काका, हे झोप मोजतं,
हे रक्तातला ऑक्सिजन,
आणि हे ताणसुद्धा.
ताण म्हटल्यावर मला ताणाच आठवला,
बीमावरचा, दोन हजार चारशे धाग्यांचा.
एक तुटला तरी माग थांबतो.

बॅटरी किती दिवस?
सात.
नळाला पाणी पाच दिवसांनी येतं,
त्या दिवशी घागरींबरोबर हेही भरून ठेवू, मी म्हणालो.
पोरगा हसला नाही. त्याच्याकडे बोअर असेल.

स्रवंती फोनवर दोन-दोन शेजारी ठेवून बघत होती.
पप्पा, महागडं कमी चुकतं, स्वस्त जास्त चुकतं.
पण चुकतात दोन्ही?
दोन्ही.
मग स्वस्तात चुकू या की.
तेराशे रुपये. म्हणजे दोन दिवसांची मजुरी
आणि वर एखादा चहा.

सोमवारी, अक्कलकोट रोडच्या शेडमध्ये,
जेवणाची सुट्टी व्हायच्या आत नऊ हजार पावलं!
चार मागांच्या बोळात मी येरझारा घालतो, खरंय.
पण नऊ हजार?
मग लक्ष ठेवलं.
धागा ओढला, एक पाऊल.
गाठ मारली, एक पाऊल.
घाम पुसला, दोन.
खडखडाटात मल्लेशमला हात हलवून बोलावलं,
तो आला नाही, माझी मात्र तीन पावलं झाली.
असंच चाललं तर तीन दिवसांत
मी शेडमधून न हलता तुळजापूर गाठणार.

आणि दुपारी बीमची गाडी
दोन्ही हातांनी रेटत गोदामापर्यंत नेली,
बनियन पिळून काढण्याइतका भिजलो,
बघतो तर आकडा जिथल्या तिथे.
गाडीच्या दांड्यावर हात स्थिर होते ना.

गुरुवारी मी ते राजमणीच्या हाती बांधलं.
सूप मांडीवर, पानं कापलेली, तंबाखू, दोरा.
तासातासाला मनगट थरथरायचं:
उठा, जरा चाला.
ती म्हणायची, थांब रे बाबा, हजार होऊ दे.
संध्याकाळी तीनशे अकरा.
मोरीपर्यंत, चुलीपर्यंत, दारात आलेल्या भाजीवाल्यापर्यंत.
बोटं दिवसभर चालली,
पण घड्याळाला बोटं दिसत नाहीत.
तिनं काढून माझ्या पुढ्यात ठेवलं.
यापेक्षा आमचा चेकर बरा,
शंभरातल्या दहा छाटतो,
उरलेल्या मोजतो तरी.

महिन्यानं मॅडमनी विचारलं, फायदा झाला का?
साखर पंधरानं उतरली होती.
घड्याळामुळे, की आकड्याच्या लाजेनं
मी कंबर तलावापर्यंत चालत जाऊ लागलो म्हणून,
की चहातली साखर स्रवंतीनं गुपचूप कमी केली म्हणून,
कसं सांगणार?
झाला थोडा, म्हणालो.

काल रात्री लाइट गेली.
गच्चीवर अंथरूण, फरशी अजून तापलेली,
माझ्या मनगटाखाली हिरवा ठिपका लुकलुकत होता.
राजमणी म्हणाली, हे काय जागं आहे अजून?
नाडी बघतंय.
मला बघू दे.
तिनं माझ्या दुसऱ्या मनगटावर बोटं टेकवली,
तंबाखूचा वास अजून नखांत.
मिनिट झालं की सांग.
मी घड्याळातले सेकंद बघत राहिलो,
तेवढ्यापुरतं ते कामाचं.
झालं, म्हणालो.
तीन कट्ट्यांना एक कमी, ती म्हणाली.
पंचवीसचा कट्टा. म्हणजे चौऱ्याहत्तर.
घड्याळात शहात्तर.
दोन छाट, म्हणाली,
आणि कूस बदलून झोपली.